जुना लोडर आणि त्याचा टायमिंग बेल्ट

वापरलेला स्किड स्टिअर लोडर घेताना टायर किती घासले आहेत, बकेटची धार कितपत उरली आहे, हायड्रॉलिक सिलिंडरांतून तेल झिरपते का आणि अवरमीटरवर, म्हणजे इंजिन एकूण किती तास चालले हे दाखवणाऱ्या मापकावर, आकडा काय आहे एवढे ग्राहक सहसा पाहतो. इंजिनाच्या एका टोकाला आवरणाखाली झाकलेला, दोन-एक बोटे रुंदीचा दातेरी रबरी पट्टा मात्र सौद्याच्या बोलण्यात क्वचितच येतो. हाच टायमिंग बेल्ट होय. सगळ्याच लोडरांच्या इंजिनांत तो नसतो, पण ज्यांत असतो त्यांत तो चालत्या कामात तुटला तर साध्या दुरुस्तीचे प्रकरण इंजिन खोलण्यापर्यंत जाते. ज्या यंत्राचा पट्टा केव्हा बदलला याची कागदोपत्री नोंद नाही, त्याचा पट्टा संपलेला आहे असे धरूनच चालावे, हे येथे मांडायचे मुख्य प्रतिपादन आहे, आणि ते पटण्यासाठी यंत्र, इंजिन व पट्टा यांचा परस्परसंबंध क्रमाने पाहणे आवश्यक ठरते.

स्किड स्टिअर लोडर म्हणजे पुढे बकेट असलेले, चालक मध्यभागी पिंजऱ्यासारख्या केबिनमध्ये बसणारे आणि इंजिन पाठीमागे असलेले आखूड चारचाकी यंत्र. त्याच्या चाकांना मोटारीच्या चाकांप्रमाणे डावी-उजवीकडे वळण्याची सोय नसते; एका बाजूची दोन्ही चाके साखळीने एकमेकांना जोडलेली असतात आणि दोन बाजूंचा वेग वेगवेगळा ठेवला, किंवा एक बाजू पुढे व दुसरी मागे फिरवली, की बैलगाडी जागच्या जागी वळवताना एक बैल थोपवून दुसरा पुढे काढावा तसे हे यंत्र चाके घसटत स्वतःभोवती फिरते. या घसटण्यावरूनच त्याला नाव पडले. अमेरिकेच्या मिनेसोटा राज्यातील रॉथसे या गावी लुई आणि सिरिल केलर या बंधूंनी १९५७ मध्ये टर्की पक्षी पाळणाऱ्या एका शेतकऱ्यासाठी दुमजली गोठ्यात मावेल आणि खांबांमधून वळेल असे छोटे लोडर तयार केले, ती या यंत्राची सुरुवात. त्यांचे मूळ यंत्र तीन चाकांचे होते. पुढच्याच वर्षी नॉर्थ डकोटातील ग्विनर येथील मेलरो कंपनीने त्याचे उत्पादन हाती घेतले, १९६० मध्ये चारही चाकांना गती देणारे एम-४०० हे प्रारूप आले आणि १९६२ मध्ये त्या मालिकेला बॉबकॅट हे नाव मिळाले. महाराष्ट्रात खोदकामाच्या यंत्राला सरसकट जेसीबी म्हणतात, त्याच न्यायाने या छोट्या लोडरालाही कंपनी कोणतीही असो, कंत्राटदार आणि चालक बॉबकॅट म्हणूनच ओळखतात.

या यंत्राचा आटोपशीरपणा हाच त्याचा गुण आणि दुरुस्ती करणाऱ्याच्या दृष्टीने तोच दोष. बकेट उचलणारे दोन हात केबिनच्या दोन्ही बाजूंनी मागे जातात, त्यांच्या मध्ये इंजिन, हायड्रॉलिक पंप, तेलाचा कूलर आणि पंखा दाटीवाटीने बसवलेले असतात, आणि काही प्रारूपांत इंजिन आडवे असल्याने ज्या टोकाला टायमिंग बेल्ट असतो ते टोक चौकटीच्या पोलादी भिंतीलगत येते. मोटारीचे बॉनेट उघडून वरून हात घालता येतो, तशी मुभा येथे नाही; म्हणून पट्टा बदलण्याच्या कामात प्रत्यक्ष पट्टा काढण्या-घालण्यापेक्षा त्याच्यापर्यंत पोहोचण्यातच वेळ अधिक जातो.

लोडरात टायमिंग बेल्ट आहे की नाही, हे लोडरावरच्या नावावरून ठरत नाही. ते इंजिनावरच्या पाटीवरून ठरते. उदाहरणार्थ, बॉबकॅट ७७३ मध्ये बसवलेल्या कुबोटा डिझेल इंजिनात टायमिंग बेल्टचे काम दातेरी चक्रे, म्हणजे गिअर करतात, आणि तेथे बदलण्यासारखा टायमिंग बेल्टच नसतो. उलट बॉबकॅट ८६३ आणि ८७३ या थोड्या मोठ्या लोडरांत जर्मनीच्या डॉइट्झ कंपनीचे १०११ मालिकेतील टर्बो बसवलेले, चार सिलिंडरांचे, तेलानेच थंड होणारे डिझेल इंजिन आढळते आणि त्यात टायमिंग बेल्ट असतो. १९९० च्या दशकाच्या उत्तरार्धातील आणि त्यानंतरच्या काही वर्षांतील अशी यंत्रे जगभर अजूनही हातोहात विकली जातात, त्यामुळे या लेखात पुढे जे विवेचन आहे ते प्रामुख्याने त्या इंजिनाला डोळ्यांसमोर ठेवून केले आहे.

गोंधळ वाढवणारी आणखी एक बाब अशी की, या लोडरांपैकी अनेकांत इंजिनाची ताकद हायड्रॉलिक पंपापर्यंत पोहोचवणारा एक वेगळा, जाडजूड ड्राइव्ह बेल्टही असतो. तो तुटला तर इंजिन सुरू राहते, फक्त यंत्र हलत नाही आणि बकेट उचलली जात नाही. नुकसान कामाच्या खोळंब्यापुरतेच राहते. विक्रेता जेव्हा ‘बेल्ट नवाच टाकला आहे’ असे सांगतो, तेव्हा तो प्रामाणिकपणे या ड्राइव्ह बेल्टबद्दल किंवा पंखा आणि अल्टरनेटर फिरवणाऱ्या व्ही-बेल्टबद्दल बोलत असण्याची शक्यता मोठी असते. कोणता बेल्ट, हा प्रश्न म्हणूनच स्पष्ट विचारावा लागतो.

टायमिंग बेल्टचे कार्य समजण्यासाठी इंजिनाचे चार फेरे लक्षात घ्यावे लागतात. सिलिंडरात वर-खाली सरकणारा पिस्टन पहिल्या फेऱ्यात हवा आत ओढतो, दुसऱ्यात ती दाबतो, तिसऱ्यात फवारलेल्या डिझेलच्या जळण्याने खाली ढकलला जातो आणि चौथ्यात जळालेला धूर बाहेर घालवतो. या चतुष्फेरी पद्धतीचे पहिले यशस्वी इंजिन निकोलाउस ओटो यांनी १८७६ मध्ये कोलोनजवळच्या डॉइट्झ येथील ज्या कारखान्यात बांधले, तोच कारखाना आजच्या डॉइट्झ कंपनीचा पूर्वज आहे, हा योगायोग नोंदवण्याजोगा आहे. पिस्टनच्या सरळ हालचालीचे फिरण्यात रूपांतर करणारा जो वाकडातिकडा मुख्य दांडा असतो त्याला क्रँकशाफ्ट म्हणतात, तर हवा आत घेणारे आणि धूर बाहेर सोडणारे व्हॉल्व्ह ज्याच्यावरील उंचवट्यांमुळे उघडतात त्या दांड्याला कॅमशाफ्ट म्हणतात. चार फेऱ्यांत क्रँकशाफ्टचे दोन वेढे होतात, पण प्रत्येक व्हॉल्व्हने मात्र एकदाच उघडायचे असते. म्हणून कॅमशाफ्टने क्रँकच्या बरोबर निम्म्या वेगाने, आणि एका अंशाचाही फरक न पडू देता, फिरत राहायचे असते. हा मेळ राखणे म्हणजेच टायमिंग. कारागीर त्याला ‘टायमिंग मिळवणे’ म्हणतात.

उपरोक्त डॉइट्झ इंजिनात कॅमशाफ्ट खाली, इंजिनाच्या मुख्य ठोकळ्यात असतो आणि पुशरॉड नावाच्या उभ्या सळ्यांमार्फत तो वरच्या व्हॉल्व्हना ढकलतो. शिवाय प्रत्येक सिलिंडरला डिझेल पुरवणारे स्वतंत्र छोटे पंपही याच कॅमशाफ्टवर चालतात. म्हणजे व्हॉल्व्ह केव्हा उघडायचा आणि डिझेल केव्हा फवारायचे, या दोन्ही गोष्टींचे भवितव्य एकाच पट्ट्यावर सोपवलेले असते. इंजिन मिनिटाला २५०० वेढ्यांनी चालत असेल तर कॅमशाफ्टचे मिनिटाला १२५० वेढे होतात, आणि आठ तासांच्या एका पाळीत एकेक व्हॉल्व्ह सहा लाख वेळा उघडतो. प्रत्येक उघडण्याबरोबर पट्ट्यावर एक लहानसा हिसका बसतो.

गिअर असताना रबरी पट्टा हवाच कशाला, असा प्रश्न स्वाभाविक आहे. दातेरी पट्ट्याची कल्पना १९४० च्या दशकात अमेरिकेतील गिल्मर कंपनीचे रिचर्ड केस यांनी शिलाई मशीनसाठी प्रत्यक्षात आणली, कारण तेथेही वरची सुई आणि खालची बॉबिन यांचा क्षणाक्षणाचा मेळ राखायचा असतो. मोटारगाडीत हा पट्टा मोठ्या प्रमाणावर प्रथम आला तो बव्हेरियातील ग्लास कंपनीच्या १००४ या गाडीत, १९६० च्या दशकाच्या आरंभी. साखळीपेक्षा तो हलका, आवाज न करणारा, तेलाची गरज नसणारा आणि उत्पादनाला स्वस्त असतो. छोट्या डिझेल इंजिनाचा आवाज आणि खर्च दोन्ही कमी करण्याच्या दृष्टीने उत्पादकांनी केलेली ही निवड त्यांच्या बाजूने योग्यच होती; मात्र तिचा हप्ता पुढे यंत्राच्या मालकाला ठरावीक मुदतीने फेडावा लागतो, ही बाब जाहिरातीत कधी ठळक झाली नाही.

वरवर रबराचा दिसणारा हा पट्टा प्रत्यक्षात तीन थरांचा असतो. ताण सोसण्याचे काम आतून लांबीच्या दिशेने गेलेले काचतंतूंचे बारीक दोर करतात, त्यांना धरून ठेवण्याचे आणि दात्यांना आकार देण्याचे काम कृत्रिम रबर करते, आणि दात्यांच्या पृष्ठभागावर झीज रोखण्यासाठी नायलॉनच्या विणीचे कापड चिकटवलेले असते. काचतंतू ताणात बळकट पण तीव्र वळणात ठिसूळ असतात. नवा पट्टा खोक्यातून काढून बोटांत पिळून पाहणे, उलटा वळवणे किंवा दप्तरात दुमडून आणणे यांमुळे आतले दोर बाहेरून काहीही न दिसता तुटतात, आणि असा पट्टा बसवल्यावर काही तासांतच दगा देऊ शकतो. सुटे भाग विकणाऱ्या दुकानात तो खिळ्याला टांगलेला दिसला तर तो घेऊ नये, एवढा धडा यातून निघतो.

पट्ट्याचे म्हातारपण दोन मापांनी मोजावे लागते. त्यातले एक चालण्याच्या तासांचे आणि दुसरे वर्षांचे. उत्पादकाच्या पुस्तिकेत दोन्ही मर्यादा दिलेल्या असतात आणि जी आधी गाठली जाईल ती लागू होते. वर्षांची मर्यादा लोकांना पटत नाही, कारण उभे असलेले यंत्र झिजत नाही अशी समजूत सार्वत्रिक आहे. परंतु उष्णता, हवेतील प्राणवायू आणि तेलाचा अंश यांमुळे रबर कोणी न वापरताही ताठर होत जाते, आणि महिनोन्महिने एकाच ठिकाणी दुमडून राहिलेल्या पट्ट्यावर सुरुवातीचा झटका नेमका त्या वळणावर बसतो. तासांच्या मापातही गोम आहे. वापरलेल्या यंत्राचा अवरमीटर बंद पडलेला, बदललेला किंवा मुद्दाम तोडलेला असू शकतो, आणि २००० तास दाखवणाऱ्या यंत्राचे पायाजवळचे पत्रे व हातदांड्यांच्या मुठी झिजून गुळगुळीत झाल्या असतील तर मापकापेक्षा मुठींवर विश्वास ठेवणे शहाणपणाचे.

त्यातही लोडरची कामाची जागा पट्ट्याला अनुकूल नसते. गोठा, सिमेंटचे गोदाम, कोळशाची वखार, कचरा डेपो किंवा पावसाळ्याआधीची नालेसफाई, यांपैकी कुठेही हवा स्वच्छ नसते, आणि बारीक धूळ आवरणाच्या फटींतून आत जाऊन दात्यांच्या खोबणीत साचते. क्रँकशाफ्टचे ऑइल सील, म्हणजे फिरत्या दांड्याभोवती तेल अडवणारी रबरी कडी, झिजली की तेल झिरपून त्या धुळीत मिसळते. तेल रबराला फुगवते, धूळ कापडाला खरवडते. असा पट्टा उतरवून उजेडात धरला तर दात्याच्या मुळाशी केसासारख्या आडव्या चिरा दिसतात, पाठ काचेसारखी चकाकते, कडेचे दोर सुटून सुतासारखे लोंबतात आणि नखाने दाबले तरी रबरावर वळ उमटत नाही. यातले एकही लक्षण दिसले नाही म्हणून पट्टा चांगला ठरत नाही, ही गोष्ट मात्र निक्षून सांगायला हवी, कारण आतल्या दोरांची अवस्था डोळ्यांना दिसत नसते.

साखळी सैल झाली की खडखडते, गिअर झिजले की घरघरतात. पट्टा यांपैकी काहीच करत नाही. तो तुटतो किंवा त्याचे चार दाते एकदम उडतात, आणि इंजिन त्याच क्षणी बंद पडते. डिझेल इंजिनात हवा १७ ते २० पट दाबली जात असल्याने पिस्टन सर्वांत वर येतो तेव्हा त्याच्यात आणि सिलिंडर हेडमध्ये जेमतेम एक मिलिमीटरचे किंवा त्याहूनही कमी अंतर उरते, तर उघडलेला व्हॉल्व्ह कित्येक मिलिमीटर खाली उतरलेला असतो. पट्टा तुटताच कॅमशाफ्ट जागच्या जागी थांबतो, क्रँकशाफ्ट मात्र जडत्वाने काही वेढे फिरतच राहतो, आणि उघडे राहिलेले व्हॉल्व्ह वर येणाऱ्या पिस्टनच्या तोंडी सापडतात. अशा रचनेच्या इंजिनाला इंटरफिअरन्स इंजिन म्हणतात. पुशरॉड असलेल्या इंजिनात नशीब बलवत्तर असेल तर पुशरॉड आधी वाकून धक्का सोसतात आणि व्हॉल्व्ह वाचतात. नसेल तर व्हॉल्व्ह वाकतात, पिस्टनच्या माथ्यावर चंद्रकोरीसारखे खड्डे पडतात आणि हेड उतरवल्याशिवाय गत्यंतर राहत नाही. पट्टा तुटल्यानंतर किल्ली फिरवली तर स्टार्टर नेहमीसारखा अडखळत फिरत नाही, दाबाचा अडसर नसल्याने सुसाट आणि एकसारख्या आवाजात फिरतो. तो आवाज ऐकू आला की दुसऱ्यांदा किल्ली फिरवायची नसते. प्रत्येक नव्या प्रयत्नाने वाकलेल्या भागांची संख्या वाढते.

प्रत्यक्ष कामाला हात घालण्यापूर्वी लोडरचे उचलणारे हात एकतर पूर्ण खाली जमिनीला टेकवावे लागतात किंवा, केबिन मागे कलवण्यासाठी ते वर ठेवणे भागच असेल तर, कंपनीने दिलेली लोखंडी टेकण सिलिंडरच्या दांड्यावर अडकवून बंदिस्त करावे लागतात. केवळ हायड्रॉलिक तेलाच्या भरवशावर वर राहिलेल्या हातांखाली डोके घालणे म्हणजे अपघाताला आमंत्रण. एखादा होज, म्हणजे तेलाची नळी, फुटला तर हात खाली येण्यास क्षणही लागत नाही. बॅटरीची ऋण तार सोडवणे आणि इंजिन पूर्ण थंड होऊ देणे या दोन गोष्टीही टाळण्यासारख्या नाहीत. यातली दुसरी केवळ हात भाजू नयेत म्हणून नाही: धातू तापला की प्रसरण पावतो, दोन शाफ्टांमधील अंतर किंचित वाढते आणि गरम इंजिनावर बसवलेला ताण थंड झाल्यावर कमी भरतो.

त्यानंतर पंखा, व्ही-बेल्ट, त्यांच्या पुली आणि आवरण काढून पट्टा उघडा केला जातो, आणि येथून कामाचा नाजूक भाग सुरू होतो. जुना पट्टा काढण्याआधी इंजिन एका ठरलेल्या स्थितीत आणून थांबवावे लागते. ती स्थिती म्हणजे पहिल्या सिलिंडरचा पिस्टन सर्वांत वर, ज्याला टॉप डेड सेंटर किंवा कारागिरांच्या बोलीत टीडीसी म्हणतात. पण चार फेऱ्यांत पिस्टन दोनदा वर येतो, एकदा हवा दाबून आणि एकदा धूर बाहेर लोटून, त्यामुळे क्रँकशाफ्टची खूण जुळली म्हणजे काम झाले असे होत नाही. रॉकर कव्हर, म्हणजे व्हॉल्व्हवरचे झाकण, उघडून पहिल्या सिलिंडरचे दोन्ही व्हॉल्व्ह मोकळे आहेत का, म्हणजे त्यांच्या डोक्यावरचे रॉकर हाताने किंचित हलतात का, हे पाहिल्यावरच पिस्टन दाबाच्या फेऱ्यात वर आहे याची खात्री पटते. या डॉइट्झ इंजिनासाठी क्रँकशाफ्ट आणि कॅमशाफ्ट या दोहोंना त्या स्थितीत पक्के धरून ठेवणारी विशिष्ट अवजारे असतात: इंजिनाच्या ठोकळ्यातील ठरलेल्या भोकातून आत जाणाऱ्या खिट्ट्या, ज्या शाफ्टला नेमक्या कोनात अडवतात.

अनेक वर्कशॉपांत या खिट्ट्या नसतात आणि त्यांच्याऐवजी जुन्या पट्ट्यावर व चक्रांवर पांढऱ्या रंगाचे ठिपके देऊन, नव्या पट्ट्यावर तेच ठिपके दाते मोजून उतरवण्याची पद्धत सर्रास चालते. महाराष्ट्रातील अनेक कारागीर टायमिंग बेल्टचे काम शिकले ते मारुती ८०० आणि पुण्यात तयार झालेल्या टाटा इंडिका यांसारख्या गाड्यांवर, आणि त्या गाड्यांत चक्रांवर व आवरणावर जुळवायच्या खुणा कंपनीनेच कोरलेल्या असल्याने नजरेचा अंदाज पुरेसा होत असे. लोडरच्या इंजिनावर तोच हात चालवला की घोटाळ्याची शक्यता वाढते. ठिपक्यांची पद्धत जुना पट्टा बरोबर बसलेला होता असे गृहीत धरते. तो आधीच्या कारागिराने एक दाता चुकवून बसवला असेल तर ती चूक जशीच्या तशी नव्या पट्ट्यावर उतरते. शिवाय ज्या इंजिनांत दातेरी चक्र शाफ्टवर चावीविना, केवळ बोल्टच्या आवळणीने घट्ट बसवलेले असते, त्यांत बोल्ट सैल होताच चक्र शाफ्टवर मोकळे फिरू लागते आणि त्यावरच्या ठिपक्याला काही अर्थच उरत नाही. अशा रचनेत खिट्ट्यांशिवाय काम करणे हे कौशल्य मानले जात असले तरी तो जुगार आहे.

एका दात्याची चूक किती महाग पडते याचा हिशेब सोपा आहे. समजा कॅमशाफ्टच्या चक्राला ४० दाते आहेत. तर एक दाता म्हणजे कॅमशाफ्टचे ९ अंश, आणि कॅमशाफ्ट निम्म्या वेगाने फिरत असल्याने क्रँकशाफ्टच्या मापाने १८ अंश. डिझेल फवारण्याची वेळ दोन-तीन अंशांनी बिघडली तरी इंजिनाचा स्वभाव बदलतो, तेथे १८ अंशांची गफलत झाली की यंत्र कष्टाने सुरू होते, ढीगभर धूर सोडते आणि बकेट भरताना मान टाकते. याहून जास्त चुकले तर व्हॉल्व्ह पिस्टनला भिडतात.

नवा पट्टा चढवताना तो हातानेच सरकवावा लागतो. पेचकसाने रेटून चढवलेल्या पट्ट्याच्या कडा दुखावतात. त्यानंतर ताण देण्याचा प्रश्न येतो. हे काम टेन्शनर नावाचा फिरता रोलर करतो, आणि डॉइट्झच्या या मालिकेत ताण मोजण्यासाठी मापक वापरण्याची सूचना आहे. दोन बोटांनी पिळून पट्टा पाव वेढा वळला की ताण बरोबर, हा जुन्या मोटारींवरचा ठोकताळा येथे चालत नाही: सैल पट्टा दाता ओलांडतो, अति ताणलेला पट्टा बेअरिंगांना खातो आणि स्वतःही लवकर मरतो. चक्रांचे बोल्ट कंपनीच्या पुस्तिकेत दिलेल्या क्रमाने, टॉर्क पान्याने, म्हणजे आवळण्याचा जोर मोजणाऱ्या पान्याने आवळावे लागतात, आणि ज्या बोल्टना मोजलेल्या जोरानंतर आणखी ठरावीक अंशांत फिरवून ताणायचे असते ते एकदा वापरले की पुन्हा वापरायचे नसतात. जुना बोल्ट दिसायला ठणठणीत असतो, म्हणूनच तो परत लावण्याचा मोह होतो.

यानंतर सर्व खिट्ट्या काढून, क्रँकशाफ्टच्या टोकाला लांब दांड्याचा पाना लावून, इंजिन त्याच्या नेहमीच्या दिशेने हाताने पूर्ण दोन वेढे फिरवतात. दोन वेढ्यांत कॅमशाफ्टचा एक वेढा पुरा होतो आणि सगळे व्हॉल्व्ह एकेकदा उघडून मिटतात. दाबल्या जाणाऱ्या हवेमुळे पाना जड जातो आणि दाबाचा फेरा ओलांडताच हलका होतो, हे स्वाभाविक आहे. पण पाना जड जाणे वेगळे आणि धातूला धातू भिडल्यासारखा टणकन थांबणे वेगळे. असे थांबले तर जोर न लावता टायमिंग पुन्हा तपासायचे. दोन वेढ्यांनंतर खिट्ट्या आपल्या भोकांत विनासायास बसल्या आणि ताण कायम राहिला, तरच स्टार्टरला हात लावायचा. स्टार्टर मोटर जाणकार माणसाच्या मनगटाप्रमाणे मध्येच थबकत नाही; तिच्या पहिल्याच फेऱ्यात व्हॉल्व्ह वाकू शकतात.

पट्ट्याबरोबर टेन्शनर, आयडलर रोलर, म्हणजे पट्ट्याला केवळ वाट देणारा रोलर, असेल तर तो, आणि त्या बाजूचे ऑइल सील बदलणे हा खर्च वाढवण्याचा प्रकार वाटला तरी तो तसा नाही. मजुरीचा बराचसा भाग पट्ट्यापर्यंत पोहोचण्यातच गेलेला असतो, आणि टेन्शनरचे बेअरिंग ५०० तासांनी जाम झाले तर नवा पट्टाही त्याच्याबरोबर जातो. रोलर हातात धरून फिरवला असता कोरडा सरसर आवाज आला किंवा बोटांना खरखर जाणवली तर तो संपला असे समजावे. त्याच फेरीत व्हॉल्व्हच्या फटीही, म्हणजे थंड इंजिनात रॉकर व व्हॉल्व्ह यांच्यामध्ये राखायची बारीक मोकळीक, तपासून घेतल्या जातात, कारण रॉकर कव्हर आधीच उघडलेले असते.

विकत घेण्याच्या टप्प्यावर याचा व्यवहारी अर्थ असा की, यंत्र पसंत पडल्यास सौदा ठरण्यापूर्वीच इंजिनाची पाटी वाचावी, त्यात टायमिंग बेल्ट आहे का हे त्या इंजिनाच्या पुस्तिकेतून निश्चित करावे, आणि असल्यास पट्टा संच, सील, बोल्ट व मजुरी यांचे अंदाजपत्रक काढून ते किमतीतून वजा करण्याची मागणी करावी. विक्रेत्याने बदलल्याची पावती दाखवली तर तिच्यावरचा सुट्या भागाचा क्रमांक टायमिंग बेल्टचाच आहे ना, हे पडताळावे. पावती नसेल तर यंत्र कामावर पाठवण्यापूर्वी पट्टा बदलावा. बदलून झाल्यावर त्या दिवसाची तारीख आणि अवरमीटरवरचा आकडा ऑइल पेंटने मागच्या दाराच्या आतल्या बाजूला लिहून ठेवावा. तेथे ऊन-पाऊस लागत नाही आणि पुढच्या वेळी दार उघडणाऱ्या प्रत्येकाला तो दिसतो.